पोळ्याच्या दिवशी तोफा कोण ओढणार

त्या वर्षी मी चौथ्यांदा स्पर्धा घेत होतो, आणि आधीच्या तीनपैकी एकीलाही विजेता मिळाला नव्हता. हे वाचून कोणी हसेल तर हसो. आमच्या घरात तीन वर्षं लोक हसतच होते.

स्पर्धा कसली, तर छोट्या सैनिकांच्या लढायांची. टेबलावर हिरवं कापड पसरायचं, त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, स्पंजची झाडं, पुठ्ठ्याची गावं मांडायची आणि बोटाच्या दोन पेरांएवढे, हातानं रंगवलेले सैनिक घेऊन जुन्या काळातल्या लढाया खेळायच्या. कोण किती पुढे जाणार ते टेपनं मोजायचं, कोण पडलं ते फाशांवर ठरवायचं, आणि वाद झाला की नियमांची वही उघडायची. ती वही मी लिहिली आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या दख्खनेतल्या लढायांसाठी, बत्तीस पानं. इतकी मेहनत मी कचेरीच्या कुठल्याच फाइलीवर घेतलेली नाही आणि हे माझ्या साहेबांनाही ठाऊक आहे.

मी हेडक्लार्क. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलं आणि तेव्हापासून लेखणीच चालवत आलं. आमच्यापैकी कोणी तलवार उचलल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळेच असेल, पण मला लढाई व्यवस्थित झालेली आवडते. वेळेवर सुरू व्हावी, नियमानं चालावी आणि शेवटी निकाल लागावा. यात मी जगावेगळं काय मागतो?

पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात एका टेकडीमागचे सैनिक दिसतात की नाही यावरून जुंपली आणि एक गडी रागानं निघून गेला. जाताना टेकडी घेऊन गेला, कारण टेकडी त्याची होती. दुसऱ्या वर्षी दोघं इतके सभ्य निघाले की शेवटचा फासा बारीकसा तिरपा पडला तेव्हा “तुम्ही जिंकले”, “छे हो, तुम्हीच जिंकले” असं अर्धा तास चाललं, आणि दोघांनीही वहीवर सही करायला नकार दिला. तिसऱ्या वर्षी अंतिम सामना ऐन रंगात असताना एकाच्या साळ्याची वरात बाजूच्याच रस्त्यावरून निघाली. तो “दोन मिनिटात येतो” म्हणून नाचायला गेला आणि मला थेट पुढच्या आठवड्यात दिसला.

या सगळ्यात मी एक ढाल करून ठेवली होती. शिसमची, खाली विजेत्यांच्या नावासाठी पितळी पट्ट्या. तीन पट्ट्या कोऱ्या. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, “ही कोणाला मिळाली?” आणि बायको माझ्याआधी उत्तर द्यायची, “अजून कोणाला परवडली नाही.” म्हणून त्या वर्षी मी तिच्यासमोर सांगून टाकलं, की यंदा निकाल लागला नाही तर टेबलं, टेकड्या, नदी, सगळं भंगारवाल्याला देतो आणि रविवारी माणसासारखा घरी बसतो. ती म्हणाली, “लिहून द्या.” मी लिहून दिलं. कारकुनाकडून तेवढं तर होतंच.

आता तारखेचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं आणि चूक माझी आहे. आमच्या कॉलनीचं समाजभवन मिळणारा रविवार शोधायला मी कचेरीतली सुट्ट्यांची यादी काढली. एका सोमवारी स्थानिक सुट्टी दिसली: पोळ्याचा दुसरा दिवस. मला आनंदच झाला. रविवारी स्पर्धा, सोमवारी आराम. सगळ्यांना कळवलं, समाजभवनाची पावती फाडली, नियमांच्या वहीच्या प्रती काढल्या. सोमवारी पोळ्याचा दुसरा दिवस असेल तर रविवारी काय असेल, हा प्रश्न तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात एकदाही आला नाही. रविवारी येणारे सण त्या यादीत नसतातच, कारण त्यांची सुट्टी मिळत नाही, आणि ज्याची सुट्टी नाही तो सण आमच्या खात्यात झालेलाच नसतो.

ते गुरुवारी बायकोनं दाखवून दिलं. “म्हणजे मी पुरण घालायचं आणि तुम्ही समाजभवनात लढाया करायच्या?” मी म्हटलं, आपल्याकडे कुठे बैल आहेत? ती म्हणाली, “आपल्याकडे एक आहे.” पण तोवर तारीख बदलायची वेळ निघून गेली होती. शिवाय समाजभवन पाचला रिकामं करून द्यायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी तिथे पोरांचा तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैलांचा पोळा होता आणि कॉलनीतल्या बायका संध्याकाळी तोरणं बांधायला येणार होत्या. म्हणजे पाच म्हणजे पाचच.

सहा जण आले. त्यातले तीन लक्षात ठेवले तरी पुरे. एक कोराडीच्या कॉलनीत राहणारा इंजिनियर. कंपनी सरकारची पलटण खेळायचा, लाल डगले आरशासारखे चकचकीत, आणि माझी नियमांची वही माझ्यापेक्षा जास्त पाठ. वाद घालायची इतकी हौस की फासा त्याच्या बाजूनं पडला तरी पान काढून खात्री करून घ्यायचा. दुसरा कळमन्याच्या बाजारातला अडत्या, संत्र्यांचा. खेळ यथातथा, पण फोन सतत कानाला. आणि तिसरा रामटेककडचा शेतकरी. धानाची शेती, गडी पंचेचाळिशीचा, बोलणं कमी. तो मला तीन वर्षांपूर्वी रंगाच्या दुकानात भेटला होता, पाव डबी पिवळा रंग मागत होता आणि दुकानदार द्यायला तयार नव्हता. मी विचारलं कशाला, तर म्हणाला सैनिक रंगवायचे आहेत. मी त्याला तिथल्या तिथे मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

त्याची मराठा फौज आमच्यात सगळ्यात देखणी. त्यातल्या त्यात तोफा. त्या काळात तोफा बैल ओढायचे, आणि बाकीच्यांनी बैल म्हणून बाजारातलं काहीतरी ओतीव आणून जुंपलेलं होतं. एकाच्या तर स्पष्ट गायी होत्या. याचे बैल त्याच्या गावच्या सुतारानं लाकडात कोरलेले होते, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या सुतारानं. अंगठ्याच्या पेराएवढी जोडी. एकाचं उजवं शिंग खाली वळलेलं, दुसऱ्याच्या कपाळावर काळा ठिपका. जू वेगळं, मानेवर नेमकं बसणारं.

सकाळी नऊची फेरी मी चक्क नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरू केली. तर्री पोहे खात खात का होईना, सगळे टेबलापाशी होते. मला वाटलं, लागला बाबा निकाल यंदा. मग मी शेतकऱ्याच्या टेबलाकडे गेलो. तोफा एका जागी उभ्या, आणि बैल तोफांपासून हातभर दूर एका स्पंजच्या झाडाखाली. जू काढलेलं. बैलांपुढे खऱ्या गवताच्या चार काड्या.

“हे काय?” मी विचारलं.

“आज पोळा हाय नं भाऊ,” तो म्हणाला. “आज बैलाले जुंपत नसते.”

मला आधी वाटलं गंमत करतो आहे. मी हसलो. तो हसला नाही. मग वाकून पाहिलं तर दोन्ही बैलांच्या खांद्यावर पिवळा ठिपका होता. रंग नव्हता तो, हळद होती. लोण्यात कालवलेली, कारण बोट लावल्यावर चिकट लागली. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या” असं त्यांना आमंत्रण देतात. यानं ते या दोघांना दिलं होतं.

“अरे बाप्पा, लाकडाचे हायेत ते!” मी म्हटलं. नागपूरकराचा पारा चढला की कचेरीतली भाषा आपोआप गळते.

“मले बी माहीत हाय भाऊ. मीच करून घेतले.”

“मग?”

“मग काई नाही. तोफा जागच्या जागी राहू द्या. नियमात बसते नं?”

बसत होतं. तोफ हलवलीच पाहिजे असं बत्तीस पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं, कारण कोणी हलवणारच नाही असं मला सुचलं नव्हतं. मी वही मिटली आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. तिथे ती बातमी माझ्याआधी पोचली होती. अडत्यानं फोन कानापासून काढून मला विचारलं, “भाऊ, उंटाचं काई नसते नं पोळ्याले?” त्याच्या तोफा उंटांवर होत्या. मी म्हटलं, नसतं. तरी त्यानं घरी फोन लावून विचारलंच. घरून काय उत्तर आलं माहीत नाही, पण त्यानं दोन उंट खेळवले आणि एक बसवून ठेवला. इंजिनियर मात्र वही घेऊन माझ्यामागे आला. “सर, उद्या कोणी म्हणेल माझ्या सैनिकाचा उपास आहे, तो लढणार नाही. रूल तो रूल है ना?” मी म्हटलं, रूल तोडलेला नाही. तो म्हणाला, “मग रूल कमी पडला.” त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

आणि गंमत बघा. शेतकरी पहिली फेरी जिंकला. तोफा हलत नाहीत म्हटल्यावर समोरचा निर्धास्त होऊन त्यांच्या तोंडावर चालून गेला. दुसऱ्या फेरीतही तसंच झालं. दुपारी एकपर्यंत तो इंजिनियरच्या बरोबरीनं सगळ्यात पुढे होता. अंतिम सामना त्या दोघांचा.

इथे मी अडकलो, कारण अंतिम सामना मी स्वतः बेतला होता. तीन वर्षं निकाल न लागल्यामुळे मी असा सामना रचला होता ज्यात निकाल लागायलाच हवा. एका बाजूकडे दोन तोफा, एकीमागे एक बांधलेल्या, एका जोडीनं ओढता येतील अशा. त्यानं त्या नदीच्या उतारावरून टेबलाच्या पूर्वेच्या कडेला न्यायच्या. दुसऱ्यानं त्या पकडून पश्चिमेच्या कडेला न्यायच्या. पूर्वेला गेल्या तर हा जिंकला, पश्चिमेला गेल्या तर तो जिंकला. तोफा कुठेतरी जाणारच, असं मी गृहीत धरलं होतं. चिठ्ठी टाकली आणि तोफांची बाजू शेतकऱ्याला आली.

जेवायच्या सुट्टीत मी त्याला बाहेर नेलं. बायकोनं डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या होत्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या. सकाळी माझ्याशी एक शब्द न बोलता. व्हरांड्यात आम्ही दोघं उभ्यानंच खात होतो. मी शक्य तितक्या गोडीनं सुरुवात केली. म्हटलं, तुम्ही पहिल्यांदा फायनलला आलात. तुमची फौज सगळ्यात चांगली. ढालीवर नाव तुमचं लागू शकतं. फक्त बैल जुंपा. पोळा खऱ्या बैलांचा असतो.

तो पोळी खात राहिला. मग म्हणाला, “खरे असते तर इथं आलोच नसतो भाऊ.”

मग त्यानं सांगितलं. त्याच्या घरची जोडी होती. एकाचं उजवं शिंग वळलेलं, दुसऱ्याच्या कपाळावर काळा ठिपका. सोळा वर्षं काम केलं. उन्हाळ्यात ठिपक्याचा म्हाताराच होऊन गेला, एका सकाळी उठला नाही. दुसरा एकटा खाईना, म्हणून मामाकडे पाठवला. तिथे निदान सोबत होती. शेतीला भाड्याचा ट्रॅक्टर आला. काही अडलं नाही. धान वेळेवर लागला. पण घरात बैल नसलेला हा पहिला पोळा. गावात सगळे आपापल्या जोड्या सजवून तोरणाखाली उभे राहणार, आणि हा रिकामा. “सकाळपासून माय बोलली नाही,” तो म्हणाला. “मी म्हटलं मी नागपूरले जाऊन राहिलो, तरी बोलली नाही.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण खोटं कशाला लिहू, त्याच वेळी मला त्याचा संतापही आला. माणसानं दुःख सांगावं, पण अंतिम सामन्याच्या अर्धा तास आधी पंचाला सांगू नये. आता मी याला काय म्हणणार होतो? मी म्हटलं, “तोफेवरचे गोलंदाज तोफा हातानंही ओढू शकतात. पान एकवीस. पाळीला दोन इंच.” तो म्हणाला, “चालते. माणसाले पोळा नसते.”

अडीचला सामना सुरू झाला. टेबल सहा फूट लांब, पाळ्या दहा. पाळीला दोन इंच या हिशेबानं त्याच्या तोफा पूर्वेच्या कडेला पोचायला पुढचा पोळा उजाडला असता. तरी तो मन लावून खेळला. पायदळ असं आडवं लावलं की इंजिनियरच्या स्वारांना वाट मिळेना. बाकीचे चौघं आपले सामने संपवून आमच्याभोवती जमा झाले. प्रत्येक पाळीला त्याचे चिमुकले गोलंदाज दोन इंच पुढे सरकायचे, आणि कोणीतरी मागून “हेईस्सा” म्हणायचं. मी दोनदा दटावलं. तिसऱ्यांदा अडत्याच म्हणाला आणि फोनवरच्या माणसाला वाटलं त्यालाच म्हटलं.

आठव्या पाळीला इंजिनियरनं फासे टाकले, आणि पायदळाची रांग मधोमध फुटली. त्याचे स्वार तोफांवर पोचले. गोलंदाज पडले. एक तुकडी तशीच पुढे गेली आणि झाडाखालच्या बैलांना जाऊन भिडली. पान तेवीस: शत्रूचा स्पर्श झालेला तोफखाना आणि त्याचे बैल पकडले गेले असं समजावं, आणि पकडणाऱ्यानं ते त्याच पाळीत जुंपले तरी चालतील. हे वाक्य माझंच. पश्चिमेची कड तिथून सतरा इंचांवर होती. जुंपलेली तोफ पाळीला नऊ इंच जाते. दोन पाळ्या उरल्या होत्या. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी.

निकाल दोन पाळ्यांवर होता. चार वर्षांत मी इतक्या जवळ कधी आलो नव्हतो.

इंजिनियरनं हात पुढे केला आणि थांबला. “सर, बैल उचलू?”

मी काही बोलायच्या आत शेतकऱ्यानंच दोन्ही बैल उचलले, त्यांच्यापुढच्या गवताच्या काड्याही उचलल्या आणि इंजिनियरच्या तळहातावर ठेवल्या. “घ्या. नियम हाय. तुमचे झाले.” मग जरा थांबून म्हणाला, “फक्त आज जुंपू नका त्यायले.”

इंजिनियर तळहाताकडे बघत राहिला. सकाळपासून हा माणूस माझ्यामागे वही घेऊन फिरत होता. लाकूड आहे, खेळ आहे, रूल तो रूल है. आता रूल त्याच्या बाजूनं होता, बैल त्याच्या हातात होते, समोरचा तक्रारही करत नव्हता. फक्त जू उचलून दोन मानांवर बसवायचं होतं. त्यानं बैल तोफेशेजारी ठेवले. मग बोट लावून जरासे दूर सरकवले. मग गवताच्या काड्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

“जुंपा,” मी म्हटलं.

“हो सर.” पण जुंपेना.

“अहो जुंपा! नववी पाळी आहे.”

“सर, जरा विचार करून राहिलो नं.”

“यात विचार काय करायचा? पान तेवीस!”

“पान तेवीस मले पाठ हाय सर.”

मी तिसऱ्यांदा “जुंपा” म्हणालो तेव्हा आवाज चढला होता. अडत्यानंसुद्धा फोन खाली घेतला. इंजिनियरनं खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, “मग तुमीच जुंपा सर. तुमी पंच. मी नाही म्हणणार नाही.”

मी जू उचललं. नखाएवढं, त्याला दोन बारीक खुंट्या. वाकलो. इतक्या जवळून बघायला मला चष्मा वर करावा लागतो. ठिपकेवाल्याच्या खांद्यावरची हळद सकाळपेक्षा थोडी सुकली होती, आणि लोण्यामुळे लाकूड तिथे काळपट झालं होतं. खऱ्या बैलाचा खांदा जिथे सोलतो, नेमकी तीच जागा. कुणीतरी करंगळीच्या टोकानं, अंधूक उजेडात, जपून लावली असणार.

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. शेतकऱ्याचा आला, कारण त्यानं मला व्हरांड्यात ते सांगितलं. इंजिनियरचा आला, कारण वर्षभर वाद घालून ऐन वेळी तो माणूस निघाला. रविवारचे सण न छापणाऱ्या यादीचा आला. आणि स्वतःचा सगळ्यात जास्त आला, कारण मी जू धरून वाकलेलाच होतो आणि माझा हात खाली जात नव्हता. माझ्या सात पिढ्यांत कोणी बैल पाळला नाही. मला पोळ्याचं काय? पण नाही झालं माझ्याच्यानं.

घड्याळाचा पाचचा गजर झाला. दारात कॉलनीतल्या बायका तोरणं आणि शिडी घेऊन उभ्याच होत्या. त्यातली एक म्हणाली, “झालं का तुमचं?” मी म्हटलं, झालं. वहीत अंतिम सामन्यापुढे लिहिलं: निकाल नाही. खाली सह्या हव्या होत्या. दोघांनी लगेच केल्या. या एका बाबतीत मात्र त्या वर्षी प्रगती झाली.

मग आवराआवर. टेबलं दुमडायची, नदी गुंडाळायची, टेकड्या ज्याच्या त्याला द्यायच्या. कोणी “मजा आली” म्हणत होतं. मला बोलायची इच्छा नव्हती. घरी जाऊन मला एक कागद पाळायचा होता. इंजिनियरनं पकडलेले बैल शेतकऱ्याला परत दिले, दोन्ही हातांनी. शेतकऱ्यानं ते पेटीत ठेवले नाहीत. रुमालानं त्यांच्या अंगावरची हिरव्या कापडाची धूळ पुसली आणि घड्याळाकडे बघितलं. मोटरसायकलनं तासाभराचं अंतर. गावात तोरणाखालचा पोळा फुटतो आणि बैल आपापल्या घरी परततात ते दिवेलागणीच्या सुमारास. दारात त्यांचे पाय धुतात, ओवाळतात, पुरणपोळी खाऊ घालतात.

त्यानं एका तळहातावर जोडी धरून दुसऱ्या हातानं फोन लावला. मग रुमाल सावरायला हात उरेना म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

“माय,” तो म्हणाला, “ताट करून ठेव. बैल घेऊन येऊन राहिलो.”

पलीकडे काहीच आवाज नाही. मी टेबलाची खिट्टी काढत होतो, तो थांबलो.

“लाकडाचे होय वं. त्या सुतारानं केले नं, ते. अंगठ्याएवढे. पण जोडी आपलीच हाय.”

मग म्हातारीचा आवाज आला, खडखडीत, सकाळपासून न बोललेल्या बाईचा.

“दिवसभर तुह्याजवळच होते का?”

“हो.”

“आज कामाले जुंपले नाही नं कोनी त्यायले?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. जू अजून माझ्याच हातात होतं.

“नाही वं माय,” तो म्हणाला. “कोनीच नाही जुंपले.”